बेचाळीस भागिले अठरा

गिअर काढून टाक म्हटल्यावर
इश्तियाकनं पाना खाली ठेवला.
"मॅडम, लोग तो लगवाने आते हैं."

खरं तर दहा गिअर केव्हाच नव्हते.
मागची तार नळीतल्या नळीत गंजली
आणि साखळी तिसऱ्या चक्रीवर बसली ती बसलीच.
अकरा वर्षं शाळा, किराणा, बँक, फालका बाजार
सगळं त्या एकीवर भागलं.
आज नुसतं कागदावर आणायचं होतं.

सायकल मूळची शैला मुंगीची.
हॉस्टेलात मला दोन वर्षं सीनियर.
नव्वद साली बाराशेला घेतली, दोन हप्त्यांत.
दुसरा हप्ता अजून द्यायचाय.

गिअरचे कान खालच्या तिरक्या दांडीवर.
त्यांना टिकटिक नव्हती, ठरलेली घरं नव्हती.
हँडल सोडून हात खाली न्यायचा,
आणि साखळीची खरखर थांबेपर्यंत
जरा इकडे, किंचित तिकडे,
तंबोरा लावतात तसं.
उरवाईच्या चढावर बाकीच्या उतरून ढकलायच्या.
मी सगळ्यात मोठी चक्री लावून
कड्यात कोरलेल्या त्या उंच दिगंबरांच्या पायांखालून
मुंगीच्या सायकलवर, मुंगीच्या चालीनं,
पण बसून.

चक्रींचा गड्डा निघेना.
रॉकेल पाजलं, रात्रभर ठेवला.
सकाळी व्हाइसमध्ये आवळून
छुट्टननं चाक बसच्या स्टिअरिंगसारखं धरलं,
छुट्टनला इश्तियाकनं.
मी काउंटर धरला.
कडाड.
समोरचा पानवाला चुन्याचं बोट तसंच घेऊन बाहेर आला.
आत आटे लख्ख,
काल कापल्यासारखे.
इतकी वर्षं त्यांच्यावर कुणाचा डोळा पडला नव्हता.

मग प्रश्न आला, सोळा दाती की अठरा.
छुट्टनचं मत सोळा. छुट्टन एकोणीस वर्षांचा आहे.
माझ्या उजव्या गुडघ्याचं मत अठरा.
पुढे बेचाळीस.
पुठ्ठ्यावर खडूनं मांडलं :
दोन पूर्णांक एक तृतीयांश.
पॅडलचा एक फेरा म्हणजे
सोळा फूट ग्वाल्हेर.

उजवीकडचे वायसर डावीकडे गेले,
रिम पुन्हा मध्यावर आणली आरा ओढून ओढून.
दोरा ताणून साखळीची रेघ पाहिली.
साखळीच्या बारा कड्या तोडल्या.
"अब ढीली नहीं होगी," इश्तियाक म्हणाला,
आणि बोटानं मधोमध दाबून
अर्धा इंच ढील दाखवली. तेवढी लागतेच म्हणे.

निघालेलं सगळं एका पिशवीत,
शेजारच्या गजकवाल्याच्या तराजूवर
सव्वा किलो.
तो हसला. एवढं ओझं उगाच वाहत होतात!
उगाच कसं?
त्यात किल्ला होता.

पडावचा पूल उभ्यानं चढले.
मधे एकदा वाटलं, संपलं.
मागून टेम्पोवाला हॉर्न देत होता
म्हणून संपवता आलं नाही.

रविवारी उजाडायच्या आत उरवाईला गेले.
पहिल्या वळणापर्यंत दात खाऊन,
मग उतरले.
मागून नववी ब मधली पूर्वा शितूत आली,
नव्या एकवीस गिअरच्या सायकलवर, फुलासारखी.
"मॅम, हलका लगाइए ना!"
हो म्हटलं.
सीट धरून ढकलत राहिले.
ढकलताना नवी चक्री टिकटिक करते,
शांत गल्लीत तर फारच.

पिशवी भंगारात नाही दिली.
शैला मुंगीचा पत्ता लागला
तर सहाशे रुपये,
आणि ती.